सक्ती कुठून येते आणि तिला वाटेत कुठे गाठता येतं

वाचकाचं पत्र :

मी वीस वर्षांचा. जुळे सोलापुरात राहतो, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात सिंगापूरहून मामाचा फोन आला. त्याचा मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि त्याला तिथल्या सैन्यात दोन वर्षं सक्तीनं जावं लागणार, असा कागद आलाय. पासपोर्ट भारताचा, तिथलं फक्त पीआर (कायम वास्तव्याचा परवाना), तरी सक्ती! त्याच आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर मेसेज फिरला की आपल्याकडेही १८ ते २५ वयाच्या मुलांना दोन वर्षं सैन्यात जाणं बंधनकारक होणार, विधेयक मांडलंय. बाबा म्हणाले, "बरंच होईल, पोरांना शिस्त लागेल." त्यावरून कडाक्याचं भांडण झालं, चार दिवस अबोला आहे. आजोबा म्हणतात, या गावानं मार्शल लॉ भोगलाय, पुन्हा तेच येणार. मी भित्रा नाही. जायचं असतं तर मी आपणहून गेलो असतो. पण माझी दोन वर्षं कुणी परस्पर घेणार आणि मी पाच वर्षांतून एकदा बटण दाबणार, ही कसली लोकशाही? आम्ही सहा-सात मित्र पूनम गेटसमोर निदर्शनं करणार आहोत. करावीत का? आणि एकट्या माणसाच्या हातात खरंच काही असतं का?

उत्तर :

मित्रा, तुझ्या पत्रात घाईचं काम एकच आहे, ते मामेभावाचं. म्हणून आधी त्याचं बोलू.

सिंगापूरमध्ये १९६७ पासून सक्तीची राष्ट्रीय सेवा आहे आणि ती तिथल्या नागरिकांपुरती नाही. नोकरीच्या बळावर ज्याला स्वतःला पीआर मिळतं त्याला साधारणपणे सूट असते. आई-वडिलांच्या आधारानं ज्या मुलाला पीआर मिळतं, त्याला मात्र सेवा करावीच लागते. म्हणजे मामा सुटला आणि मुलगा सापडला. ही अट लपवलेली नसते. पण पीआरचा अर्ज भरतात तेव्हा पोरगं लहान असतं आणि आई-बापाला घर, शाळा, नोकरीची शाश्वती एवढंच दिसत असतं.

साडेसोळा वर्षं झाली की नोंदणी, मग वैद्यकीय तपासणी, आणि अठराच्या सुमारास भरती. पूर्णवेळ सेवा दोन वर्षांची. ती संपल्यावरही वयाच्या चाळिशीपर्यंत, अधिकारी झाला तर पन्नाशीपर्यंत, वर्षाला जास्तीत जास्त ४० दिवस बोलावणं येऊ शकतं. नेमणूक सैन्यातच होईल असं नाही. पोलीस किंवा नागरी संरक्षण दलातही पाठवतात, पण निवड मुलाची नसते.

आता सगळ्यात मोठी चूक कोणती होऊ शकते ते सांगतो. घरात कुणीतरी म्हणणार, "त्याला सोलापूरला आणा, कॉलेज इथेच करेल." तसं परस्पर करू देऊ नका. तेरा वर्षांनंतर तीन महिने किंवा जास्त काळ देशाबाहेर राहायचं तर मुलाला एक्झिट परमिट काढावं लागतं. ते न घेता बाहेर राहिला, किंवा बोलावल्यावर हजर झाला नाही, तर तो गुन्हा आहे. १०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पीआर सोडून दिलं म्हणून पाटी कोरी होत नाही. सेवा न करता पीआर सोडणाऱ्याचे तिथे शिकायचे आणि नोकरीचे पुढचे अर्ज अडचणीत येतात. कुटुंबाला तिथे राहायचंच नसेल आणि मुलाला तिथे कधी परतायचं नसेल, तर हा हिशेब वेगळा ठरेल. पण तो तिथल्या वकिलासमोर बसून, सगळे कागद टेबलावर ठेवून करायचा.

हातात जे उरतं ते कमी आहे, पण काहीच नाही असं नाही. बारावीच्या तोडीचा अभ्यासक्रम किंवा पॉलिटेक्निक डिप्लोमा चालू असेल, तर तो पूर्ण होईपर्यंत भरती पुढे ढकलण्याची परवानगी मिळते. पदवीसाठी सहसा मिळत नाही. मात्र तिथल्या विद्यापीठांत प्रवेश आधी घेऊन सेवा संपेपर्यंत जागा राखून ठेवता येते. हे मामाला माहीत नसेल तर वर्ष वाया जाईल. दुसरं म्हणजे वैद्यकीय तपासणी. दमा, फिट, हाडाची शस्त्रक्रिया, मानसिक उपचार, जे काही असेल त्याचे तज्ज्ञ डॉक्टरांचे अहवाल त्या दिवशी सोबत हवेत. तिथे ठरलेल्या श्रेणीवर पुढचं काम ठरतं. आजार लपवून भरती झालेला मुलगा प्रशिक्षणाच्या मैदानावर जिवाशी खेळतो. "माझ्या मनाला पटत नाही" हे कारण मात्र तिथे चालत नाही. विवेकाच्या कारणावरून नकार देणाऱ्यांसाठी पर्यायी सेवा नाही. धर्मश्रद्धेमुळे शस्त्र न धरणाऱ्या यहोवा साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या मुलांनाही कोठडीतच जावं लागतं.

आणि आता तुझ्या प्रश्नाच्या मुळाशी येतो. सिंगापूरमध्ये मताधिकार फक्त नागरिकाला आणि तोही २१ व्या वर्षी. तुझा मामेभाऊ अठराव्या वर्षी गणवेश चढवेल, पण गणवेश चढवायला लावणारा कायदा बदलायला त्याला तिथे मत नाही. पीआर आहे तोवर कधीच नाही. इथे तुझा राग पुरेपूर रास्त आहे. त्याचं मत आहे ते आपल्याकडे. पासपोर्टवर सोलापूरचा पत्ता असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर नमुना ६-अ भरून त्याचं नाव परदेशस्थ मतदार म्हणून इथल्या यादीत घालता येतं. मतदानाला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं.

आता तुझं बघू. भारतात सक्तीची लष्करी सेवा नाही, आणि स्वातंत्र्यानंतर कधी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांच्या घरात गेलेली इथली फौजसुद्धा कायद्यानं स्वेच्छेचीच होती. १९४० मध्ये इथे सक्तीचा कायदा झाला तो भारतात राहणाऱ्या ब्रिटिश युरोपीयांसाठी. अग्निपथ योजनेचं नाव अशा मेसेजमध्ये हमखास गोवतात. १४ जून २०२२ ला जाहीर झालेल्या त्या योजनेत अर्ज करणाराच जातो, चार वर्षांसाठी जातो, आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. तिच्याबद्दल मतं काहीही असोत, ती सक्ती नाही. आपण सक्तीच्या सगळ्यात जवळ आलो ते कॉलेजात. चीनशी झालेल्या युद्धानंतर १९६३ मध्ये एनसीसी सक्तीची केली आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. त्या काळात कॉलेजात असलेला कुणी ऐंशीच्या आसपासचा माणूस तुमच्या गल्लीत असेल, त्याच्याशी एक संध्याकाळ बोल. पाच वर्षांत ती सक्ती का मागे घ्यावी लागली ते त्याच्याकडून ऐकणं बाबांना माझ्या पत्रापेक्षा जास्त पटेल.

मेसेजमधलं "विधेयक मांडलंय" हे तपासायला दहा मिनिटं लागतात. विधेयक क्रमांक आणि मांडणाऱ्याचं नाव नसेल तर तिथेच थांब. असेल तर संसदेच्या संकेतस्थळावरच्या विधेयकांच्या यादीत जा आणि एकच गोष्ट बघ, विधेयक सरकारी आहे की खासगी सदस्याचं. कुठलाही खासदार, मंत्री नसला तरी, आपलं विधेयक मांडू शकतो आणि सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणाची अशी विधेयकं अधूनमधून येतात. १९५२ पासून आजवर खासगी सदस्यांची फक्त १४ विधेयकं दोन्ही सभागृहांत मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये. असं विधेयक मांडलं जाणं ही बातमी असते, पण त्यावरून कायदा येतोय असा अर्थ काढता येत नाही. २०१८ मध्ये संसदेच्या एका स्थायी समितीनं राजपत्रित नोकरीसाठी पाच वर्षांची लष्करी सेवा बंधनकारक करावी अशी शिफारस केली होती. तिचाही कायदा झाला नाही, पण ते कात्रण आजही नव्या तारखेनं फिरतं.

आजोबांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो हलक्यात घेऊ नकोस. सोलापुरात मे १९३० मध्ये पुकारलेला मार्शल लॉ जूनअखेरपर्यंत होता. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. चार हुतात्मा पुतळ्यांवरून तू रोज जात असशील. पण मार्शल लॉ म्हणजे लष्करानं नागरिकांवर चालवलेला अंमल. सक्तीची सेवा म्हणजे नागरिकाला लष्करात ओढणं. दोन्हीत भीती सारखी वाटते, कायदे वेगळे आहेत.

यावर "आपल्याकडे असं कधी करताच येणार नाही" असं बाबांना ठणकावून सांगायला जाशील तर फसशील. संविधानाचा अनुच्छेद २३ वेठबिगारीला बंदी करतो, पण त्याचाच दुसरा खंड सरकारला सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा देतो. अट एवढीच की ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यावरून भेदभाव करता येणार नाही. त्या यादीत लिंग नाही. म्हणून उद्या "फक्त मुलांनाच का?" हा वाद उठला, तर तो समानतेच्या अनुच्छेद १४ आणि १५ वर लढवावा लागेल. अनुच्छेद ५१क(घ) मध्ये देशरक्षणाचं आणि राष्ट्रीय सेवेचं मूलभूत कर्तव्य आहे. त्याच्या आधारावर थेट कुणाला उचलून नेता येत नाही, पण कायदा करणारे त्याचा आधार घेतील हे नक्की. शिवाय टेरिटोरियल आर्मीच्या (नोकरी-धंदा सांभाळणाऱ्यांच्या अर्धवेळ फौजेच्या) १९४८ च्या कायद्यात सरकारी आणि सार्वजनिक सेवेतल्या कर्मचाऱ्यांना गरज पडल्यास बोलावण्याची तरतूद आहे. निवडणुकीच्या कामाला मास्तरांना जुंपतात तेही "नको" म्हणून टळत नाही, हे तुझ्या घरात कुणी शिक्षक असेल तर ठाऊक असेल.

"लोकशाहीत सक्ती नसते" हा मुद्दाही टिकत नाही. ऑस्ट्रेलियात ऐन महायुद्धात दोनदा लोकांचा कौल घेतला, २८ ऑक्टोबर १९१६ आणि २० डिसेंबर १९१७ ला, आणि दोन्ही वेळा लोकांनी सक्ती नाकारली. सरकार युद्धात होतं, तरी त्याला ते मानावं लागलं. याउलट २०१३ मध्ये ऑस्ट्रियात सुमारे ६० टक्के आणि स्वित्झर्लंडमध्ये ७३ टक्के मतदारांनी सक्ती राहू द्या असं सांगितलं. अमेरिकेत व्हिएतनामच्या काळात अठरा वर्षांच्या मुलांना भरती करत होते आणि मत मात्र २१ व्या वर्षी होतं. त्या विसंगतीवर लोक अडून बसले, १९७१ मध्ये मताचं वय १८ झालं, १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानं विवेकानं नकार देणाऱ्याला पर्यायी सेवा हवीच असा निकाल दिला. २०२० पासून ती सुरू झाली, पण ३६ महिन्यांची, तुरुंगांमध्ये काम करण्याची. नागरिकांच्या हातात ताकद होती, हे या सगळ्या उदाहरणांत दिसतं. ती कुठल्या बाजूला झुकेल याची हमी मात्र कुणाला नव्हती. म्हणून बाबांशी बोलताना "सक्ती चांगली की वाईट" यावर अडू नकोस. त्यांना विचार : कोणावर? किती काळ? सूट कुणाला आणि कोण देणार? शिक्षण मध्येच तुटलं तर भरपाई काय? नकार दिला तर तुरुंग की दुसरं काम? श्रीमंताचा मुलगा परदेशी कॉलेजात जाऊन सुटणार का? कुठलाही कायदा या प्रश्नांवरच भला किंवा बुरा ठरतो. एक-दोन प्रश्नांवर बाबा आणि तू एकाच बाजूला निघालात तर मला नवल वाटणार नाही.

आता एकट्या माणसाच्या हातात काय असतं ते सांगतो. संरक्षण आणि सेना हे विषय संघ सूचीत आहेत, म्हणजे असा कायदा फक्त संसदच करू शकते. नगरसेवकाकडे, आमदाराकडे, महापालिकेत ठराव मागायला जाण्यात दिवस घालवू नका.

पहिलं काम माहितीचा अधिकार. संरक्षण मंत्रालयाला केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज कर. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. इथे बहुतेकांची चूक एकच होते. ते विचारतात, "सरकार सक्ती का करणार आहे?" यावर "ही माहिती नाही, मत आहे" असं उत्तर येतं आणि महिना जातो. तू कागद माग. "१८ ते २५ वयोगटासाठी सक्तीच्या लष्करी सेवेचा कोणताही मसुदा मंत्रालयाच्या अभिलेखात आहे का, असल्यास त्याचं शीर्षक, दिनांक आणि तो हाताळणारा विभाग." एवढंच. मंत्रिमंडळाची टिपणं आणि सुरक्षेची माहिती मागू नकोस, कलम ८ खाली ती नाकारता येते आणि त्या निमित्तानं सगळाच अर्ज लटकतो. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. "असा मसुदा नाही" असं उत्तर आलं तर ते ग्रुपवर टाक. माझ्या मते निदर्शनांपेक्षा ते जास्त काम करेल.

खरंच सरकारी विधेयक आलं तर काय? २०१४ च्या धोरणानुसार मसुदा विधेयक मांडण्याआधी ३० दिवस लोकांसमोर ठेवायला हवा. ते धोरण आहे, कायदा नाही, आणि अनेकदा पाळलं जात नाही. म्हणून त्यावर विसंबून राहू नकोस, पण पाळलं नाही तर तो मुद्दा निवेदनात जरूर घाल. विधेयक समितीकडे गेलं तर समिती निवेदनं मागवते. बहुधा पंधरा दिवसांची मुदत असते, इंग्रजी किंवा हिंदीत, दोन प्रती. इथे संतापाच्या दोन ओळींना किंमत नाही. "कलम अमुक, यात तमुक शब्द बदला, कारण हे" असं लिहिणाऱ्याचं निवेदन समिती वाचते. पाठवलेलं निवेदन समितीचा दस्तऐवज होतं, ते समाजमाध्यमांवर टाकायचं नाही.

लोकसभेच्या नावे याचिका हा मार्ग कुणी फारसा वापरत नाही, आणि मला याचंच वाईट वाटतं. कारण तो कुठल्याही साध्या नागरिकाला खुला आहे. याचिका सभागृहाला उद्देशून, आदराच्या भाषेत, आणि शेवटी नेमकी मागणी. मराठीत लिहिलीस तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावरही सही करावी लागते. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही, सही येत नसेल तर अंगठा. सह्यांची पानं वाढली तर मागणी प्रत्येक पानाच्या डोक्यावर पुन्हा लिहायची. नुसत्या सह्यांचा गठ्ठा बाद होतो आणि तो का बाद झाला हे लोकांना कळतही नाही. सोबत पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं जोडायची नाहीत. न्यायालयात असलेला विषय चालत नाही. याचिका खासदारामार्फत मांडायची तर तिच्यावर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. हजारो सह्यांची गरज नसते. आठशे घाईच्या सह्यांपेक्षा नीट लिहिलेल्या ऐंशी बऱ्या.

इथे एक स्थानिक भानगड आहे. तुझे मित्र वेगवेगळ्या तालुक्यांतले असतील. जुळे सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ, पंढरपूर हे सोलापूर लोकसभेत. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस माढ्यात. बार्शीकराचा खासदार धाराशिवचा. खासदाराच्या कार्यालयात पहिला प्रश्न हाच असतो, "तुमचा मतदारसंघ कोणता?" म्हणून आपापल्या खासदाराकडे आपापल्या मतदारानं जावं. एका पानाचं पत्र, एकच विनंती : "या विषयावर सरकारचा काही प्रस्ताव आहे का, असा प्रश्न सभागृहात विचारा." प्रश्नाला पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू व्हायच्या आत जा. लेखी उत्तर सभागृहाच्या नोंदीत कायमचं राहतं.

पूनम गेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आज ज्या कायद्याचा मसुदाच नाही, त्याच्याविरुद्ध निदर्शनं करू नका. पुढे वेळ आलीच तर करा, तो तुमचा अनुच्छेद १९ खालचा हक्क आहे. तेव्हा दोन दिवस आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा की शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा आदेश लागू आहे का. अशा आदेशात बहुधा पाच किंवा अधिक माणसांच्या जमावाला बंदी असते, आणि तुम्ही सहा-सात आहात. वेळ, जागा, संख्या आणि जबाबदार व्यक्तीचं नाव लिहून अर्ज द्या, पोच घ्या. परवानगीविना बसलात आणि गुन्हा नोंदला गेला, तर पासपोर्टच्या आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो वर्षानुवर्षं आडवा येतो. हे त्या दिवशी घोषणा देताना कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि तुम्हा सहा-सात जणांपैकी मतदार यादीत किती आहेत ते आज संध्याकाळी मोजा. यादीत नाव नसेल तर नमुना ६, पत्ता बदलला असेल तर नमुना ८. नाव नोंदवायला आता वर्षात चार अर्हता तारखा, म्हणजे अठरा पूर्ण झाली का हे ज्या दिवशी बघतात त्या तारखा, असतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या धाकट्या भावंडांनाही आगाऊ अर्ज भरता येतो.

मामाला फोन मात्र त्याही आधी कर. कागदावरची नोंदणीची शेवटची तारीख विचार, आणि मुलाचे वैद्यकीय अहवाल कुठल्या फाइलमध्ये आहेत तेही.